क्यूआर लावून दोन वर्षं झाली, तरी बँक आईला कर्ज का देत नाही?

बार्शीचा_पोरगा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

माझी आई बार्शीत रस्त्याकडेला भाजी विकते. पाटीवर सुरुवात केली होती, आता हातगाडा आहे. पहाटे साडेचारला मार्केट यार्डात जायचं, आडत्याकडनं माल उचलायचा, सात वाजेस्तोवर गाडा लावायचा. त्यासाठी रोज सकाळी हातात चार-पाच हजार लागतात. आडत्या एखाद दिवस थांबतो, रोज कोण थांबणार. मग आई गेली कितीतरी वर्षं डेलीवाल्याकडून घेते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कागदावर दहा हजार म्हणायचे, हातात नऊ हजार द्यायचे, आणि रोज संध्याकाळी शंभर रुपये असे शंभर दिवस न्यायचे. संपलं की परत नवीन. मी एकदा एक्सेलमध्ये टाकून बघितलं तर वर्षाला जवळजवळ ७८ टक्के पडतं. आईला सांगितलं तर म्हणाली अरे तो दारात येतो, कागद मागत नाही, तुझी बँक येते का दारात.

मी पुण्यात नोकरीला. दोन वर्षापूर्वी दिवाळीला गेलो तेव्हा गाड्यावर क्यूआर लावून दिला. आता निम्म्याच्या वर गिऱ्हाईक स्कॅन करतं, दहा रुपयाची कोथिंबीर पण स्कॅन करून नेतात. आणि जिकडे तिकडे वाचतो की डिजिटल व्यवहारामुळे गरिबाची पत तयार होते, रेकॉर्ड बघून बँका कर्ज देतात, विकसनशील देशात क्रांती झाली वगैरे. म्हटलं चला बघू. मागच्या महिन्यात सुट्टी काढून आईला घेऊन बँकेत गेलो, तिचं जनधन खातं २०१५ पासून तिथंच आहे. छोट्या धंद्याच्या मुद्रा कर्ज योजनेतून पन्नास हजार मागितले. साहेबांनी स्टेटमेंट काढलं, वरून खाली बोट फिरवलं आणि विचारलं, यात धंदा कुठाय? लाडकी बहीणचे दीड हजार येतात ते दोन दिवसात काढले जातात, कधीमधी गॅसची सबसिडी, बास. आई गप्प, मी पण गप्प. बाहेर येऊन उसाचा रस पिला आणि घरी आलो.

तर प्रश्न असा की खातं झालं, फोनवर पैसे यायला लागले, पण खरी गरज आहे तिथं डेलीवालाच, मग हे आर्थिक समावेशन नक्की कशाला म्हणतात? दुसऱ्या कुठल्या देशात तरी याचा गरिबाला खरंच फायदा झालाय का, का सगळा भाषणातला माल आहे?

उगाच_शंका

भाषणातला माल. जागतिक बँकेचा फिनडेक्स म्हणून सर्व्हे असतो, त्यात २०११ साली भारतात ३५ टक्के प्रौढांकडे खातं होतं, २०२१ मध्ये ७८ टक्के. ऐकायला भारी. पण त्याच २०२१ च्या रिपोर्टात हेही आहे की भारतातली ३५ टक्के खाती वर्षभर वापरलीच नाहीत, जगातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यांपैकी एक. म्हणजे खाती उघडायची स्पर्धा झाली, फोटो निघाले, पासबुकं ट्रंकेत गेली.

आणि फोनवर कर्ज मिळत नाही असं कोण म्हणतं, पाहिजे तेवढं मिळतं. माझ्या एका मित्राने लॉकडाऊनमध्ये असल्याच एका ॲपवरून तीन हजार घेतले. हातात आले एकोणीसशे, मुदत सात दिवस. आठव्या दिवशी त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना मेसेज, की हा चोर आहे, फोटो एडिट करून पाठवलेले, मेव्हणीला सुद्धा. ते फेडायला दुसरं ॲप, ते फेडायला तिसरं. तुमचा डेलीवाला निदान समोर तरी उभा राहतो, शिवी द्यायची तर तोंडावर देता येते. याला कुठं शोधायचं?

बँकमित्र_बीड

उगाच भाऊ, ॲपचं तुमचं बरोबर आहे पण सगळं एकाच पाटीत टाकू नका. मी आठ वर्षं बँक मित्राचं काम करतोय, एक टेबल, एक लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि एक कुलर जो चालत नाही. आमच्या गावाला बँकेची शाखा अठरा किलोमीटरवर. आधी म्हाताऱ्या माणसाला निराधारचे पैसे काढायचे तर एक दिवसाची मजुरी बुडवून जावं लागायचं, जीपला पैसे, आणि तिथं गेल्यावर आज कॅश संपली. आता आधारचा नंबर सांगायचा, अंगठा लावायचा, माझ्याकडून पैसे घ्यायचे. एका वेळी दहा हजारापर्यंत निघतात. हा फायदा भाषणातला नाही, रोज सकाळी माझ्या दारात तीस माणसं असतात.

आमच्याकडची निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, सांगली कोल्हापूर कर्नाटक. पूर्वी इकडं खात्यात आलेला पैसा मे महिन्यात गावी आल्यावरच हातात पडायचा. आता ते तिकडंच कारखान्याजवळच्या कुठल्या तरी माझ्यासारख्याकडे अंगठा लावून काढतात, खातं कोणत्या बँकेचं आहे याने फरक पडत नाही. पोरगं आजारी पडलं तर मुकादमाकडे परत उचल मागायला लागत नाही. निदान प्रत्येक वेळी तरी लागत नाही.

आता दुसरी बाजू पण सांगतो, आमच्याच धंद्याची आहे. ज्याने जन्मभर कोयता चालवला त्याचा अंगठा मशीन ओळखत नाही. ओल्या फडक्याने पुसा, दुसरं बोट लावा, करंगळी लावा, चार वेळा फेल. सर्व्हर डाऊन असला की सगळा दिवस जातो. आणि काही लोक काय करतात, अंगठा लागला नाही मावशी परत लावा म्हणतात आणि दोनदा पैसे काढून घेतात, हातात एकदाचे देतात. म्हणून पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही, आणि फोनवर मेसेज येतो तो पोराकडून वाचून घ्यायचा. खरेदीखतावरच्या ठशांवरून रबराचे अंगठे करून पैसे काढल्याच्या पोलीस केसेस पण झाल्यात. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे, वापरायच्या वेळी उघडायचं, बाकी वेळ बंद. शंभरात एकाला माहीत असतं.

अजून एक, लाडकी बहीण सुरू झाली तेव्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये माझ्याकडे रांग लागली होती. निम्म्या बायांची तक्रार एकच, पैसे जमा झाले म्हणतात पण खात्यात नाहीत. शोधल्यावर कळायचं की पैसे गेलेत भलत्याच खात्यात. सरकारी पैसा खाते नंबरावर जात नाही, आधारला जे खातं शेवटचं जोडलंय त्यात जातो. आणि कुणीतरी कधीतरी सिमकार्ड देताना नाहीतर मेळाव्यात दुसरंच खातं उघडून जोडून दिलेलं असतं, तिला पत्ताच नाही. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, तिथं बँकेचं नाव दिसतं. तुमच्या आईचं बरोबर खात्यात येतंय म्हणजे तिथपर्यंत ठीक आहे.

कर्जाचं मात्र माझ्या हातात काही नाही. जनधनवर दहा हजारापर्यंत ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात नसले तरी काढायची सोय, कागदावर आहे, मी आजवर मोजून चार जणांना मिळालेला बघितलाय.

नैरोबीकर

दुसऱ्या देशाचं विचारलंत म्हणून लिहितोय. मूळ साताऱ्याचा, गेली नऊ वर्षं केनियात नोकरीला आहे. इथं एम-पेसा आहे, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सोय, २००७ च्या मार्चमध्ये सफारीकॉम या मोबाईल कंपनीने आणलं. यातलं पेसा म्हणजे स्वाहिलीत पैसा, आणि तो शब्द आपल्याकडूनच गेलाय, व्यापाऱ्यांबरोबर. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा उगाच छाती फुगली होती.

आधी गंमत सांगतो. हे मुळात बनवलं होतं मायक्रोफायनान्सचे हप्ते फोनवरून भरता यावेत म्हणून, पण चाचणीतच लोकांनी ते घरी पैसे पाठवायला वापरायला सुरुवात केली. मग कंपनीने पण जाहिरात तीच केली, घरी पैसे पाठवा. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, इथं अस्कारी म्हणतात, त्याची आई किसुमूकडे राहते. आधी तो पाकिटात नोटा घालून बस ड्रायव्हरच्या हातात द्यायचा, पोचले तर पोचले. आता साध्या बटणाच्या फोनवरून पाठवतो, स्मार्टफोन नाही इंटरनेट नाही, म्हातारी गावातल्या दुकानात जाऊन ओळखपत्र दाखवून काढते. हिरव्या रंगाची ती दुकानं गल्लोगल्ली आहेत, बँकेची शाखा शोधावी लागते, हे दुकान शोधावं लागत नाही.

फायदा झाला का, तर यावर तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोघा अर्थतज्ज्ञांनी बरीच वर्षं अभ्यास केलाय. त्यांना एक असं दिसलं की घरावर संकट आलं, आजारपण, पीक गेलं, नोकरी गेली, तर एम-पेसा नसलेल्या घरांचा खर्च ७ टक्क्यांनी खाली येत होता म्हणजे खाणंपिणं कमी, आणि एम-पेसा असलेल्या घरांचा जवळजवळ तसाच राहत होता. का, तर त्यांना बँकेने कर्ज दिलं म्हणून नाही. लांबच्या चार नातेवाइकांकडून थोडे थोडे पैसे लगेच पोचत होते म्हणून. आपण हातउसने म्हणतो ना तेच, फक्त हात लांब झाला. २०१६ साली त्यांचा पुढचा पेपर आला त्यात त्यांनी अंदाज काढला की यामुळे १,९४,००० कुटुंबं गरिबीतून वर आली, म्हणजे देशातली साधारण २ टक्के, आणि फायदा जास्त झाला तो बायका घर चालवतात तिथं, कितीतरी जणींनी शेती सोडून छोटा धंदा टाकला. यावर उलटसुलट वाद पण झालेत, पण माझ्या आजूबाजूला जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं.

आता कर्ज. २०१२ मध्ये त्यावरच एम-श्वारी आलं, फोनवरच बचत आणि फोनवरच छोटं कर्ज, तुमचे व्यवहार बघून मर्यादा ठरते. कागद नाही, जामीन नाही, दोन मिनिटात. पण तीस दिवसासाठी ७.५ टक्के फी. बार्शीच्या दादांनी एक्सेल काढलंच आहे तर बाराने गुणा, ९० टक्के होतं, तुमच्या डेलीवाल्याच्या वर! आणि नंतर जी बाकीची ॲप आली त्यांनी तर कहर केला, पोरं फोनवर कर्ज काढून फोनवरच फुटबॉलवर सट्टा लावायची. चारपाचशे शिलिंग थकले म्हणून कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोत नाव काळं, मग नोकरीला अर्ज करताना ते आडवं यायचं. शेवटी २०२२ मध्ये इथल्या रिझर्व्ह बँकेने या ॲपवाल्यांना परवाना सक्तीचा केला.

म्हणून माझं मत, पैसे पाठवणं आणि कर्ज मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सोपी आणि खरंच उपयोगाची. दुसरी फोनवर आली तरी महागच राहते, जोवर कुणी लगाम लावत नाही तोवर. आपल्या यूपीआयला निदान पाठवायला पैसे पडत नाहीत, इथं अगदी छोट्या रकमा सोडल्या तर पाठवायला चार्ज आहे. इथले मित्र हे ऐकून विश्वास ठेवत नाहीत.

उगाच_शंका

सात टक्क्याचं पटलं. पण मग भारतात ते ॲपवाले अजून कसे चालू आहेत?

गटातली_ताई

नियम आहेत हो. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये काढलेत, कर्जाचे पैसे देणाऱ्या बँकेतून थेट घेणाऱ्याच्या खात्यात यायला पाहिजेत मधे ॲपचं खातं नको, वर्षाचा एकूण दर एका कागदावर आधी दाखवायला पाहिजे, फोनमधल्या नंबरांना हात लावायचा नाही, आणि सुरुवातीचे काही दिवस मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज परत करून दंडाशिवाय कर्ज सोडता येतं. जो हे पाळत नाही तो चोर समजायचा. फसवून पैसे गेले तर सायबर हेल्पलाइनच्या १९३० ला लगेच फोन. आम्ही गटाच्या मीटिंगमध्ये हे पाठच करून घेतलंय.

आता बार्शीच्या दादाला विचारते. मी माण तालुक्यातली, बचत गटांचं काम करते पंधरा वर्षं. तुम्ही सगळं लिहिलंत, टक्के लिहिले, उसाचा रस लिहिला, पण एक लिहिलं नाही. क्यूआर कोणाच्या खात्याचा आहे?

बार्शीचा_पोरगा

माझ्या.

म्हणजे आईकडे साधा फोन आहे, तिला ॲप जमत नाही म्हणून मी माझ्या नंबरवर काढला आणि तिला दर रविवारी कॅश देतो, नाहीतर भाऊ एटीएममधून काढून देतो. सोय म्हणून केलं होतं.

ताई, हे टाईप करतानाच डोक्यात उजेड पडला. मला मागच्याच महिन्यात माझ्या पेमेंट ॲपवर दोन लाखाच्या कर्जाची ऑफर आलीये, तुमचे व्यवहार उत्तम आहेत म्हणून. मी म्हटलं पगारामुळे असेल. ते आईची भाजी होती.

बँकमित्र_बीड

अरारारा. दादा, ही तुमची एकट्याची चूक नाही, माझ्याकडे दहातले सात क्यूआर असेच आहेत. पिठाची गिरणी बाईची, क्यूआर नवऱ्याचा. शिलाई बाईची, क्यूआर दिराचा.

गटातली_ताई

वाईट वाटून घेऊ नका हो, तुम्ही प्रेमानेच केलंय. पण बँकेच्या साहेबांचं पण चुकलं असं म्हणता येत नाही, त्यांना दिसलं ते त्यांनी विचारलं, यात धंदा कुठाय. धंदा तुमच्या खात्यात होता.

आमच्याकडे म्हसवडला माणदेशी बँक आहे, चेतना सिन्हांनी १९९७ मध्ये काढली. पहिल्यांदा परवान्याचा अर्ज नाकारला गेला कारण प्रवर्तक बाया निरक्षर. तर त्या रिझर्व्ह बँकेत जाऊन म्हणाल्या की आम्हाला लिहिता येत नाही पण व्याज काढता येतं, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटर घेऊन बसवा आणि आम्हाला तोंडी विचारा बघू कोण आधी सांगतं. हे सांगायचं कारण, तुमच्या आईला ॲप जमत नाही हे तुम्ही ठरवलंत. रोज पहाटे आडत्याशी भाव करून पाच हजाराचा माल उचलणारी बाई आहे ती.

आता काय करायचं ते सांगते, मी सातारकडची पण नियम सगळीकडे तेच. बार्शीला नगरपरिषद आहे आणि आई रस्त्यावर विकते, म्हणजे मुद्राच्या आधी स्वनिधी बघायला पाहिजे होती. पीएम स्वनिधी, २०२० च्या जूनपासून आहे, फेरीवाल्यांसाठीच. आधी पहिलं कर्ज दहा हजार होतं, २०२५ पासून पंधरा केलंय. ते वेळेवर फेडलं की पंचवीस, तेही फेडलं की पन्नास. तारण काही नाही. हप्ते वेळेवर गेले तर सात टक्के व्याज सरकार खात्यात परत टाकतं आणि डिजिटल पैसे घेतले की वर कॅशबॅक. नगरपरिषदेत विक्रेता प्रमाणपत्र नाहीतर शिफारसपत्र घ्यायचं, आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे, तो मोबाईल आईचाच असू द्या तुमचा नको, नाहीतर ओटीपी पुण्याला येईल आणि आई खिडकीशी उभी.

दुसरं, तुमचा क्यूआर काढून आईच्या जनधन खात्याचा लावा. तिच्या बँकेतूनच मागा, व्यापाऱ्याचा क्यूआर मिळतो, बरोबर तो बोलणारा डबा घ्या. स्मार्टफोनची गरज नाही, पैसे आले की डबा ओरडतो. बॅलन्स बघायला साध्या फोनवरून *९९# आहे, आणि २०२२ मध्ये १२३पे म्हणून साध्या फोनचं यूपीआय आलंय ते पण शिकवा. सहा महिने नीट चालू द्या, मग तेच स्टेटमेंट घेऊन त्याच साहेबांकडे जा.

तिसरं, ॲपवर रोज फक्त एवढेच रुपये कापू असं लिहून कर्जाच्या ऑफर येतील, आईच्या खात्यावर पण येतील. रोजचा आकडा बघायचा नाही, वर्षाचा दर बघायचा. रोज फक्त शंभर तर डेलीवाला पण म्हणतो.

नैरोबीकर

ताईंनी मुद्द्याला हात घातला. इथं केनियात सिम ज्याच्या ओळखपत्रावर, खातं त्याचं, त्यामुळे बाईच्या हातात फोन आला म्हणजे खातं पण तिचंच आलं. नवऱ्याला न सांगता चार पैसे बाजूला ठेवता येतात हे इथल्या बायका उघड सांगतात. आपल्याकडे डब्यात तांदळाखाली ठेवतात तसं.

उगाच_शंका

माझी आजी पिग्मीवाल्याकडे रोज दोन रुपये भरायची, ते पण आजोबांना माहीत नव्हतं. तो सायकलवर यायचा, पुस्तकात लिहून सही करून जायचा. ती स्कीम १९२८ ला उडुपीत सिंडिकेट बँकेने काढली होती म्हणे, दारात येऊन दोन आणे घ्यायचे. म्हणजे आईचं ते वाक्य बरोबरच आहे, बँक दारात आली तर लोक पैसे ठेवतात. यात नवीन काय आहे ते मला अजून कळलं नाहीये पण ताईंचं उत्तर आवडलं, भांडायचा मूड गेला.

बार्शीचा_पोरगा

अपडेट देतो, उशीर झाला त्याबद्दल सॉरी, मधे दोन महिने गेले.

आईचं सिम भावाच्या नावावर निघालं, ते बदलण्यात एक आठवडा. मग आधारला नंबर जोडायला केंद्रावर तीन चकरा. नगरपरिषदेत शिफारसपत्राला फार त्रास झाला नाही, एक मॅडम होत्या त्यांनी गाड्याचा फोटो मागितला, आई नेमकी त्या दिवशी गाड्यावर नव्हती, परत गेलो. स्वनिधीचा अर्ज भरून झालाय, बँकेकडे गेलाय, अजून मंजूर व्हायचाय.

क्यूआर बदलला. पहिला आठवडा गोंधळ झाला, रोजची गिऱ्हाईकं जुन्या यादीतून माझं नाव काढून मलाच पैसे पाठवत होती. मला पुण्यात मीटिंगमध्ये टिंग टिंग वाजायचं, वीस रुपये, पंधरा रुपये. मग आईने प्रत्येकाला उभं करून सांगायला सुरुवात केली की आधी इथं बघ, माझं नाव येतंय का, मग दाब. डब्याचा आवाज तिने फुल ठेवलाय, शेजारचा फळवाला वैतागलाय. *९९# तिला जमतंय, चार दिवसात जमलं, मी दोन वर्षं उगाच रविवारी कॅश देत बसलो. आता रात्री झोपायच्या आधी बॅलन्स बघते आणि वहीतल्या आकड्याशी लावते, एकदा चाळीस रुपये कमी आले तर दुसऱ्या दिवशी कोणी स्क्रीन नुसती दाखवून गेलं ते पण तिनेच शोधून काढलं.

एक अडचण नवीन झाली. आडत्या अजून रोखच मागतो, निम्मा गल्ला खात्यात गेला की पहाटे साडेचारला रोख कुठून आणायची. सध्या आदल्या संध्याकाळी भाऊ एटीएमला जातो.

बँकमित्र_बीड

जवळच्या बँक मित्राकडे संध्याकाळी अंगठा लावून काढता येतील, पण आडत्याला बोलून बघा. आमच्याकडे दोघांनी घ्यायला सुरुवात केलीये, सुट्ट्याची कटकट वाचते म्हणून.

उगाच_शंका

आणि डेलीवाला? तो गेला का?

बार्शीचा_पोरगा

नाही ना. मधे गौरी-गणपतीला माल जास्त भरायचा होता तेव्हा आईने परत दहाचे नऊ घेतले, मला नंतर सांगितलं. स्वनिधी मिळेपर्यंत चालू राहणार म्हणाली, आणि मिळाल्यावर पण एकदम तोडायचा नाही, अडीअडचणीला लागतो.

त्याने पण आता गाडीच्या हँडलला क्यूआर लटकवलाय. परवा आईने पहिल्यांदा शंभर रुपये फोनवरून दिले, आकडे मीच दाबत होतो, पण नाव तिने वाचलं, मोठ्याने, चार माणसात. डेलीवाल्याला म्हणाली, हे तर तुझ्या बायकोचं नाव आहे की रे.

गटातली_ताई

😂 त्याच्या बायकोला सांगा, आता तिला कर्ज मिळेल.